निदान सहा तरी न्या

शोभेच्या माशांच्या दुकानात जाऊन एकच झेब्रा मासा मागा. दुकानदार तोंड वाकडं करतो. "निदान सहा तरी न्या साहेब, एकटा राहत नाही तो." बोटाच्या दोन पेरांएवढा, अंगावर निळ्या-रुपेरी पट्ट्या असलेला हा मासा मूळचा आपल्याच उपखंडातला. गंगा-ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यातले ओढे आणि भातखाचरं हे त्याचं माहेर. दुकानदाराच्या त्या 'राहत नाही'चा उगम मेंदूत नेमका कुठे, हे शोधायला जगभरच्या प्रयोगशाळांनी त्याला पाळलं आहे. हे सांगितलं की ऐकणारा बहुधा हसतो, आणि मग ठरलेले आक्षेप येतात.

पहिला आक्षेप ठरलेलाच: माशाला तीन सेकंदांपलीकडचं आठवत नाही. हे कुणी उठवलं कोण जाणे. अमेरिकेत मिशिगन विद्यापीठात बर्नार्ड अॅग्रानॉफ यांनी १९६०च्या दशकात गोल्डफिशना सौम्य विजेचा झटका चुकवायला शिकवलं, आणि त्यांना ते कित्येक दिवस आठवत राहिलं. टिकाऊ आठवणीसाठी मेंदूत नवी प्रथिनं तयार व्हावी लागतात, हे ज्या प्रयोगांतून पुढे आलं त्यांत हे गोल्डफिशचे प्रयोग महत्त्वाचे. म्हणजे ज्याच्या विसरभोळेपणावर आपण विनोद करतो, त्यानेच स्मरणशक्तीचा अभ्यास पुढे नेला.

दुसरा आक्षेप जरा विचारी माणसं घेतात. माशांचा थवा म्हणजे काही समाज नव्हे, एक वळला की बाकीचे वळतात, एवढंच. आता याची अर्धी बाजू खरी आहे, आणि तीच मला सर्वांत गमतीची वाटते. जर्मनीत म्युनिकजवळच्या मार्टिन्सरीड इथे योहानेस लार्श आणि हेरविग बायर यांनी झेब्राफिशच्या पिल्लांना पडद्यावर नुसता काळा ठिपका दाखवला. ना डोळे, ना शेपटी, ना पट्टे. ठिपका सरळ सरकत राहिला तर पिल्लं फारशी भुलत नसत. पण तोच माशासारखा झटके देत, थांबत-सुटत पुढे गेला की ती त्याच्या मागे लागत. २०२२ साली त्याच गटाने मेंदूच्या थॅलॅमस भागातल्या, या लयीला प्रतिसाद देणाऱ्या पेशी शोधल्या. त्या काढून टाकल्यावर पिल्लांची सोबतीची ओढ कमी झाली. यंत्रासारखं आहे खरं, पण 'हा आपल्यातला' हे ओळखणारं यंत्र आहे.

आणि सोबत फक्त डोळ्यांनी कळते असंही नाही. फ्रँकफर्टच्या संशोधकांनी २०२० मध्ये दाखवलं की मासा एकटा ठेवला की मेंदूतल्या 'पीटीएच-२' नावाच्या रेणूच्या जनुकाचं काम मंदावतं. इतर माशांत सोडला की अर्ध्या तासात ते पुन्हा वाढू लागतं. ही खबर देते माशाच्या अंगावरची पार्श्वरेषा, म्हणजे शेजाऱ्याच्या पोहण्याने हलणारं पाणी टिपणारी संवेदना.

थव्याच्या पलीकडचं पाहायचं तर आफ्रिकेतल्या टांगानिका सरोवराकडे जावं लागतं. तिथल्या बर्टोनी नावाच्या सिक्लिड माशांत काहीच नर दादा असतात: भडक रंगाचे, जागा बळकावून बसलेले. बाकीचे फिकट, पडतं घेणारे. स्टॅनफर्डचे रसेल फर्नाल्ड यांनी आयुष्याचा मोठा काळ या माशांत घालवला. दादाला टाकीतून काढलं की एखादा फिकट नर काही मिनिटांत रंग चढवून मिरवू लागतो, आणि पाठोपाठ त्याच्या मेंदूत प्रजननाशी संबंधित पेशी कामाला लागतात. २००७ मध्ये त्यांच्या गटाने आणखी पुढचं दाखवलं. काठावरून मारामाऱ्या पाहणाऱ्या नराला कळलं की पहिला दुसऱ्याला हरवतो, दुसरा तिसऱ्याला, तिसरा चौथ्याला, चौथा पाचव्याला. मग त्याच्यासमोर दुसरा आणि चौथा ठेवले. या दोघांची झुंज त्याने कधी पाहिलीच नव्हती, तरी तो चौथ्याकडे, म्हणजे दुबळ्याकडे सरकला. गावकीच्या राजकारणात मुरलेला माणूस याहून वेगळं काय करतो?

"पण माशाला कॉर्टेक्सच नाही," असं कुणी जाणकार म्हणतो. बरोबर, आपल्यासारखा सहा थरांचा कॉर्टेक्स, म्हणजे मेंदूचं बाहेरचं आवरण, त्याला नाही. पण भांडण, प्रजनन, पिल्लांची काळजी यांचं मूळ जाळं कॉर्टेक्सच्या खाली, हायपोथॅलॅमस आणि त्याच्या आसपास असतं. ते मासा, बेडूक, पक्षी आणि माणूस सगळ्यांत ओळखू येतं. माशातलं ऑक्सिटोसिन हे सामाजिक वागण्याशी जोडलेलं संप्रेरकही आपल्या ऑक्सिटोसिनच्या नऊ कड्यांपैकी दोनच कड्यांत वेगळं आहे. मेंदूचा हा भाग मासे आणि आपण वेगळे होण्याआधीचा आहे. मासा अभ्यासायचा तो त्यासाठीच.

इथे उलट्या बाजूचा गैरसमज सुरू होतो, आणि तो मला पहिल्यांपेक्षा जास्त त्रासदायक वाटतो. पोर्तुगालमधल्या रुई ओलिव्हेरा यांच्या गटाने २०२३ मध्ये दाखवलं की घाबरलेला मासा पाहून दुसरा झेब्राफिश घाबरतो, पण ऑक्सिटोसिनची यंत्रणा जनुकीय बदलाने बंद केलेला घाबरत नाही. लगेच 'माशांनाही सहानुभूती' असे मथळे आले. प्रयोगात दिसला तो भीतीचा संसर्ग. दुसऱ्याचं दुःख समजणं ही त्यापुढची गोष्ट, आणि ती या प्रयोगातून सिद्ध होत नाही. माणसाच्या सुमारे ७० टक्के जनुकांना झेब्राफिशमध्ये किमान एक भाऊबंद सापडतो, हेही खरं. म्हणून तो छोटा माणूस ठरत नाही.

त्याची खरी सोय वेगळीच आहे. पिल्लू पारदर्शक असतं आणि मेंदूत पेशी जेमतेम लाखभर, आपल्या मेंदूत ८,६०० कोटींच्या आसपास. जेलीफिशच्या चमकणाऱ्या प्रथिनापासून केलेला दर्शक त्या पेशींत घातला की पेशी सक्रिय होताना उजळते, आणि २०१३ पासून जवळपास सगळा मेंदू एकाच वेळी उजळताना पाहता येतो. अडचण एकच. त्यासाठी पिल्लाला बहुधा जेलीत रुतवून स्थिर ठेवावं लागतं, आणि जेलीत रुतलेल्या माशाला सोबत द्यायची तर पडद्यावर ठिपकाच दाखवावा लागतो.