पेशीतील राखणदार आणि एक सोयरीक

गेल्या रविवारी मिस्सा आटोपल्यावर आमच्या धर्मग्रामातील एक वडीलधारे गृहस्थ घुटमळत मागे राहिले. भोपाळच्या कोलार रोडवरील एका मराठी ख्रिस्ती कुटुंबातील मुलगी त्यांच्या मुलाला सांगून आली आहे. घर सश्रद्ध, मुलगी शिकलेली. "पण फादर, मुलीची आई लहानपणी जुन्या शहरात, स्टेशनाजवळ राहत होती. वायू लागलेल्यांचे रक्त बिघडते म्हणतात. उद्या कर्करोग घरात यायचा!"

१९८४ च्या २ व ३ डिसेंबरच्या मधल्या रात्री भोपाळच्या कीटकनाशक कारखान्यातून मिथाइल आयसोसायनेट हा विषारी वायू सुटला आणि हजारो माणसे प्राणांस मुकली. कोलार रोड तेथून बराच दूर, शहराच्या दक्षिणेस आहे. पण माणसाने घर बदलले तरी कुजबुज मागोमाग येतेच. वायुबाधितांच्या रक्ताची पुढे तपासणी झाली, तेव्हा काहींच्या पेशींतील गुणसूत्रे तुटलेली आढळली, हे खरे आहे. मात्र गुणसूत्र तुटणे म्हणजे कर्करोग नव्हे.

वाचकहो, आपल्या बहुतेक पेशींत ४६ गुणसूत्रे असतात. शरीर घडविण्याच्या आज्ञा या धाग्यांवर लिहिलेल्या असतात. हे धागे उन्हाने, धुराने, किंबहुना पेशी दुभंगताना नक्कल चुकल्यानेही नित्य बिघडत असतात. म्हणून परमेश्वराने पेशीतच राखणदार जनुके ठेवली आहेत. त्यांतील एकाचे नाव पी-५३. १९७९ साली त्याचा माग लागला, तेव्हा तेच रोग घडविते असा तज्ज्ञांचा समज झाला. बिचारे निरपराध ठरावयास दहा वर्षे लागली! धागा तुटल्याची वर्दी येताच हे जनुक पेशीचे विभाजन थांबविते, दुरुस्तीस अवसर देते, आणि दुरुस्ती अशक्य असेल तर त्या पेशीला मरण पत्करावयास लावते.

अशा जनुकाच्या प्रती दोन असतात, एक पित्याची व एक मातेची. लहान मुलांच्या डोळ्यांतील एका कर्करोगाचा अभ्यास करून आल्फ्रेड नुडसन यांनी १९७१ साली असे अनुमान मांडले की, दोन्ही प्रती निकामी झाल्या म्हणजेच गाठ वाढते. पुढे ते खरे ठरले. काही थोड्या घराण्यांत एक प्रत जन्मतःच सदोष असते. तेथे वेळोवेळी तपासणी करून घेणे हिताचे. परंतु वारसा उतरतो तो बीजपेशींतून. आईच्या रक्तातील तुटका धागा लेकीच्या वाट्यास येत नाही. हिरोशिमा व नागासाकी येथे अणुबॉम्बमधून वाचलेल्यांच्या हजारो मुलांची तपासणी झाली. त्यांत आनुवंशिक विकार वाढल्याचे दिसले नाही. ते संकट निराळे होते खरे, तरी बाधितांची संतती बिघडलेलीच असते हा समज त्याने पुष्कळ सैल व्हावा.

मी हे सांगत असता गृहस्थांनी खिशातून तंबाखूची डबी काढली. मला राहवले नाही. तंबाखूतील विषे याच पी-५३ वर घाव घालतात. तोंडाच्या कर्करोगात ते पुष्कळदा बिघडलेले सापडते. रक्तातील धोका शोधावयास भोपाळपर्यंत जावयाचे, आणि ही डबी?

ते कसनुसे हसले. "मग मुलीच्या आईला प्रकृतीविषयी विचारू नये म्हणता?"

"अवश्य विचारा. विहीणबाई म्हणून विचारा."

बुधवारी त्यांनी भोपाळची तिकिटे काढली.