साठीनंतरची पहिली रेघ

दुकानाच्या किल्ल्या मुलांच्या स्वाधीन केल्यावर अनेक व्यापाऱ्यांना दुपार मोठी वाटू लागते. शाळेत सुटलेली चित्रकला तेव्हा आठवते. परंतु ‘आता या वयात?’ या प्रश्नापाशी हात थांबतो.

कारण उघड आहे. आयुष्यभर कापडाचा पोत आणि सोन्याचा कस पारखणारी नजर प्रौढ झालेली असते. हात मात्र शाळकरीच राहिलेला असतो. स्वतःच्या चित्रातील उणीव तत्काळ दिसते आणि वही मिटते. प्रौढांसाठीच्या कला-कार्यशाळा ही कोंडी फोडतात. तेथे प्रथम पाहणे शिकवितात: कागदाकडे न बघता वस्तूच्या कडेवर दृष्टी ठेवून रेघ ओढणे, किंवा तांब्याऐवजी त्याच्या भोवतालची रिकामी जागा रेखाटणे.

व्याख्यानांनी या दृष्टीला परंपरेची जोड मिळते. पश्चिम भारतातील सचित्र कल्पसूत्रांच्या पोथ्यांना व्यापारी श्रावकांचाच मोठा आश्रय होता. त्यांतील लाल पार्श्वभूमी आणि चेहऱ्याबाहेर डोकावणारा डोळा उलगडून दाखविला की पूजनीय पोथी चित्र म्हणूनही दिसू लागते.

रवींद्रनाथ टागोर साठीनंतर चित्रकलेकडे गांभीर्याने वळले. हस्तलिखितांतील खोडलेल्या शब्दांतून त्यांच्या आकृती उमलल्या. १९३० मध्ये पॅरिस येथे त्यांच्या चित्रांचे प्रदर्शन भरले, तेव्हा ते सत्तरीच्या उंबरठ्यावर होते.

कार्यशाळा दोन दिवसांत संपते. साधना त्यानंतर सुरू होते. रोजमेळ लिहिण्याची शिस्त ज्याने आयुष्यभर पाळली, त्याला रोज एक रेखाटन जड जाऊ नये.