व्रणांत ठेविलेलें औषध

मेंदूंतील ग्लायोमा नामक दुष्ट अर्बुद कितीही कौशल्यानें काढलें, तरी त्याचे सूक्ष्म अंश मागें राहून बहुधा जवळपासच तें पुनश्च डोकें वर काढतें. रक्तावाटे दिलेलीं बहुतेक औषधें मेंदूच्या रक्षक पडद्यापाशींच अडतात. मात्रा वाढवावी, तर सर्व शरीरास अपाय होतो. यावर अमेरिकेंतील रॉबर्ट लँगर व हेन्री ब्रेम यांनीं नामी युक्ति योजिली. कार्मुस्टिन हें औषध विरघळणाऱ्या चकत्यांत घालून, शस्त्रक्रियेनें झालेल्या पोकळींतच जास्तींत जास्त ८ चकत्या ठेवावयाच्या. तेथें औषध दोन-तीन आठवडे झिरपत राहतें.

अर्बुद उलटलेल्या २२२ रोग्यांवरील, १९९५ सालीं प्रसिद्ध झालेल्या चाचणींत, चकत्या ठेविलेल्यांचें मध्यगत आयुष्य ३१ आठवडे, इतरांचें २३ भरलें. १९९६ सालीं अमेरिकन सरकारनें मान्यता दिली. ही संजीवनी नव्हे. तथापि आठ आठवड्यांचें मोल रोग्याच्या आप्तांस कोणी सांगावयास नको.