कोंबडीच्या पोटातील अदृश्य राखणदार



वज्रेश्वरी परिसरातील वारली व कातकरी पाड्यांवर आपले कोंबडीपालनाचे काम चालते. त्याविषयी हितचिंतक मला नेहमी विचारतात, “पिल्ले आणल्याबरोबर पाण्यातून अँटिबायोटिक दिले, तर मर कमी होणार नाही का?” प्रश्न कळकळीचा आहे. पाड्यावरच्या घराला दहा कोंबड्या म्हणजे बँकच. मूल आजारी पडले किंवा वह्या-पुस्तके घ्यायची झाली की एखादी कोंबडी विकून पैसे उभे राहतात. तरीही आम्ही सरसकट औषध देत नाही. का, ते समजण्यासाठी कोंबडीच्या आतड्यात डोकावले पाहिजे.

अंड्यातून नुकत्याच निघालेल्या पिल्लाच्या आतड्यात जिवाणू जवळजवळ नसतात. खुडूक कोंबडीच्या पंखाखालचे पिल्लू ते आईच्या विष्ठेतून आणि मातीतून मिळवते. हॅचरीतल्या पिल्लाला आई नसते. गादीच्या तुसातून, पाण्यातून जे मिळतील ते जिवाणू त्याच्या पोटात वस्ती करतात. आतड्याच्या शेवटाकडे दोन बंद पिशव्या असतात, तिथे ही वस्ती सर्वांत दाट. त्यातले बहुतेक जिवाणू निरुपद्रवी किंवा उपयोगी असतात, पण पांढरी हगवण आणणाऱ्या साल्मोनेलासारखे घातकही त्यात शिरतात.

या जिवाणूंबरोबरच त्यांची शिकार करणारे विषाणूही तिथे असतात. त्यांना जिवाणूभक्षक किंवा फेज म्हणतात. विषाणू म्हटले की आपल्याला मानमोडी आठवते, किंवा फेब्रुवारी २०२२ मध्ये शेजारच्या शहापूर तालुक्यात वेहळोलीला आलेला बर्ड फ्लू. पण फेजची लागण कोंबडीला होत नाही, माणसालाही होत नाही. ती होते फक्त जिवाणूला, आणि तीही बहुधा ठरावीक जातीच्याच.

फेज आपल्या जिवाणूला चिकटतो आणि स्वतःचा डीएनए आत सोडतो. जिवाणूच्या आतच त्याच्या अनेक प्रती तयार होतात. मग जिवाणू फुटतो आणि नवे फेज पुढच्या शिकारीला निघतात. जी जात फार माजते, तिच्या फेजना शिकार भरपूर मिळते आणि तेही वाढतात. शेतात उंदीर वाढले की घुबडांचे फावते, तसेच हे. त्यामुळे एकाच जातीचे राज्य होणे अवघड जाते.

मात्र सगळे फेज असे नसतात. काही जिवाणूच्या डीएनएमध्ये मिसळून झोपून राहतात, आणि काही अँटिबायोटिकांच्या ताणाने जागे होतात. कधी कधी ते एका जिवाणूचे गुण दुसऱ्यात नेतात. त्यात विष बनवण्याचा किंवा औषधाला दाद न देण्याचा गुणही असू शकतो.

फेज आणि कोंबडीचे नाते जुने आहे. ‘बॅक्टेरिओफेज’ हे नाव १९१७ साली देणाऱ्या फेलिक्स डेरेल यांनी १९१९ मध्ये फ्रान्समधील कोंबड्यांच्या साल्मोनेला साथीवर फेजचाच प्रयोग केला. तो फेज त्यांना कोंबड्यांच्या विष्ठेतच सापडला होता.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. अँटिबायोटिक फेजसारखे एकाच जातीवर नेम धरत नाही. उपयोगी जिवाणूही मरतात, आणि औषधाला न जुमानणारे उरतात त्यांना मोकळे रान मिळते. तेच पुढे विष्ठेतून अंगणात, पाण्यात आणि मुलांच्या हातांवर येतात. मग मूल आजारी पडले तर तेच औषध त्याला लागू पडेलच असे नाही. याच धोक्यामुळे केंद्र सरकारने जुलै २०१९ मध्ये कोंबड्यांसह अन्नासाठी पाळल्या जाणाऱ्या सर्व प्राण्यांसाठी कोलिस्टिनवर बंदी घातली.

मग औषध म्हणून फेजच का पाजू नयेत? त्यावर जगभर संशोधन चालू आहे. पण नेमक्या जिवाणूला नेमका फेज लागतो, आणि जिवाणूही आपले रूप बदलून त्याला चकवतात. म्हणून पाड्यांवर आमचा भर साध्या गोष्टींवर आहे: कोरडी गादी, रोज धुतलेली पाण्याची भांडी, मानमोडीची वेळेवर लस, आजारी पक्षी वेगळा ठेवणे आणि पशुवैद्यकाने सांगितले तरच, सांगितले तितके दिवस औषध.

आपण दिलेल्या देणगीतून लस येते, भांडी येतात, कोरडा तूस येतो. औषधाच्या बाटलीपुढे या वस्तू साध्या वाटतील, पण पोटातल्या राखणदारांना त्या आपले काम करू देतात.