‘बाहेरचं’ नव्हे, मेंदूतलं!

घरातली तरुण मुलगी अचानक असंबद्ध बडबडू लागली, रात्र-रात्र जागू लागली, की पहिली शंका कसली येते? ‘बाहेरचं काही असेल!’ गावाकडेच नाही, आमच्या भांडुपच्या टेकडीवरच्या वस्तीतही मी हे ऐकते. मग अंगारे-धुपारे सुरू. पण कधी कधी दुखणं मेंदूतल्या अगदी बारीक जागेत असतं.

मेंदूतल्या दोन पेशींमध्ये जेमतेम २० नॅनोमीटरची फट असते. आपला केस त्याहून हजारो पट जाड! एक पेशी त्या फटीत रसायन सोडते, पलीकडची ते टिपते. टिपणारा रेणू म्हणजे रिसेप्टर. रसायन किल्ली, तर रिसेप्टर कुलूप म्हणा ना! आपल्या मुंबईत, कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत डॉ. विदिता वैद्य यांनी सेरोटोनिनचे रिसेप्टर आणि चिंता, नैराश्य यांचं नातं शोधलं. त्यासाठी २०२२ चा इन्फोसिस पुरस्कार त्यांना मिळाला.

एवढं बारीक बघायचं कसं? रिसेप्टरला चिकटणाऱ्या अँटिबॉडीला चमकणारा रंग जोडायचा. सूक्ष्मदर्शकाखाली ठिपके उजळतात. पण साधारण २०० नॅनोमीटरच्या आतले ठिपके एकमेकांत मिसळून जायचे. ती मर्यादा ओलांडणाऱ्या तंत्रांना २०१४ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.

आपल्याला याचा काय उपयोग? ऐका. २००७ मध्ये डॉ. होसेप डाल्माऊ आणि सहकाऱ्यांनी १२ रुग्णांमध्ये एक आजार ओळखला. बाराही जणी स्त्रिया! यात शरीराच्याच अँटिबॉडी मेंदूतल्या ‘एनएमडीए’ रिसेप्टरवर चालून जातात. पुढे सूक्ष्मदर्शकाने दाखवलं, की त्यामुळे रिसेप्टर पेशीच्या आत ओढले जातात. अँटिबॉडी हटल्या की पुन्हा वर येतात. म्हणजे आजार बरा होऊ शकतो! काही जणींत त्याचं मूळ बीजकोशातल्या गाठीत असतं. २०१३ मध्ये ५७७ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात ८१ टक्के स्त्रिया होत्या, आणि उपचारांनी दोन वर्षांत दहापैकी आठ जण चांगले सावरले.

प्रत्येक मानसिक त्रास हाच असतो असं नाही. पण काही दिवसांतच वागणं पार बदललं, जोडीला झटके आले, बोलणं अडखळू लागलं, तर मेंदूविकारतज्ज्ञांना गाठा. मणक्यातलं पाणी काढून या अँटिबॉडीची तपासणी होते. उपचार जितके लवकर, तितकं बरं. तिला देवऋषाकडे नेण्यात गेलेले दिवस तिच्याच मेंदूला महागात पडतात.