गिरणीवरचे हवालदार

कोरेगावच्या आमच्या जुन्या घरात देवघराच्या खालच्या फळीवर पत्र्याचा एक डबा असायचा. त्यात ब्राँझचे दोन सहा टोकांचे तारे, एक रुपेरी पदक आणि युद्धकैद्याचे एक पिवळे पडलेले छापील कार्ड होते. पदके आम्ही नातवंडे दिवाळीत किल्ल्यावरच्या मावळ्यांना लावायचो आणि आजोबा त्याला कधी हरकत घेत नसत. कार्डाला मात्र हात लावायची सोय नव्हती. ते आजीचे होते.

घरात आजोबांना सगळे आण्णा म्हणत, गावात हवालदार. पण आमच्या डोळ्यांपुढे येतात ते पिठाने पांढऱ्या झालेल्या भुवयांचे, इंजिनाच्या आवाजामुळे मोठ्याने बोलणारे गिरणीवाले आण्णा. मराठा पलटणीत ते पाचच वर्षे होते. पेन्शनला पंधरा वर्षांची नोकरी लागे, म्हणून पेन्शन नव्हती. सुटताना मिळालेले पैसे आणि आजीच्या पाटल्या यांतून गिरणी उभी राहिली. तिच्यावर पाच मुले वाढली, शिकली.

लढाईबद्दल ते बोलत नसत. बोलले ते १९७२ मध्ये, एकदाच.

त्या दुष्काळाची आठवण ज्यांना आहे त्यांना सुकडी आणि रेशनवरची तांबडी मिलो ज्वारी वेगळी सांगायला नको. खडी फोडून आलेल्या बायका पदरात मिलो बांधून दळायला आणायच्या. आण्णांनी ठरवून टाकले, मिलोचे दळण फुकट. एक महिना झाला, दोन झाले. डिझेलची उधारी चढली. आत्याचे लग्न ठरले होते. शेवटी एका रात्री वडिलांचा तोल गेला. "आण्णा, आपण काय धर्मशाळा काढलीय? पोरीचं लग्न कशात करायचं?"

मी दहा वर्षांचा होतो. आता आण्णा ओरडणार म्हणून मी आजीच्या मागे सरकलो. पण ते खाली मान घालून हळूहळू बोलू लागले.

२१ जून १९४२ रोजी तोब्रुक पडले. हजारो सैनिक शत्रूच्या हाती लागले, त्यांत मराठ्यांची एक पलटणही होती. वाळवंटातल्या तारेच्या कुंपणातून आण्णांना जहाजाने इटलीत नेले. तिथे अवेझानो गावाजवळ हिंदी कैद्यांची छावणी होती. ८ सप्टेंबर १९४३ ला इटलीने शस्त्रे ठेवल्याचे जाहीर झाले, पहारेकरी पांगले आणि जर्मन येण्याआधी कैदी डोंगरात पळाले. आण्णांच्या अंगावर सुती कपडे होते आणि पुढे हिवाळा. चौथ्या रात्री एका शेतकऱ्याच्या गोठ्यात ते तापाने पडले. सकाळी घरची म्हातारी आली. तिने आरडाओरडा केला नाही. ताटलीत मक्याच्या पिठाचा गरम घाटा आणून ठेवला.

त्या मुलखातल्या बायका तांब्याची घागर डोक्यावर घेऊन पाणी आणत. आण्णा म्हणाले, "लांबून बघितलं की वाटायचं, आपल्याच गावच्या." कैद्याला पकडून दिले तर १८०० लिरांचे बक्षीस होते आणि घरात ठेवल्याबद्दल मृत्यूची शिक्षा. त्या घरात चार पोरे आणि पीठ मोजून घ्यावे अशी परिस्थिती. तरी आठ-नऊ महिने, १९४४ च्या जूनमध्ये दोस्तांची फौज येईपर्यंत, त्यांनी एक जास्तीचा माणूस जगवला. म्हातारी स्वतः कधी जेवायची ते आण्णांना कळले नाही.

"त्यांनी दळण मोजलं असतं तर तू बापाचं तोंड बघितलं नसतंस," एवढे म्हणून ते उठून गेले.

वडील काहीच बोलले नाहीत. आत्याचे लग्न वर्षभर पुढे गेले. ती पुढे हसत सांगायची, "माझ्या लग्नाचं पीठ मिलोत गेलं." पण त्या वर्षी ती किती रडली होती हे आम्ही पाहिले होते. चांगुलपणाची किंमत पुष्कळदा घरातली दुसरीच माणसे देतात. आण्णांना ते कळत होते. लग्नात त्यांनी हात जोडले ते व्याह्यांच्या आधी लेकीला.

आणि आजी? तोब्रुक पडल्यावर नवरा बेपत्ता असल्याचे गावात कळले तेव्हा ती विशीची होती, मांडीवर दोन वर्षांचे मूल. ते छापील कार्ड यायला काही महिने लागले. मग छावणी फुटल्यावर पुन्हा सगळे शांत. भावकीतल्या बायका कुंकवाकडे बघून कुजबुजायच्या. ती एकच सांगायची, "हायेत ते. मला म्हायतंय." मीटरगेजच्या गाडीतून आण्णा कोरेगाव स्टेशनावर उतरले तेव्हा माझे वडील, पाचेक वर्षांचे, अनोळखी माणसाला घाबरून तिच्या पदराआड लपले. तिला पदक कोण देणार? म्हणून तिने कार्ड ठेवले असावे.

आण्णा १९९४ मध्ये गेले. अंत्ययात्रेला बिगूल नव्हता. खेड्यापाड्यांतून बायका मात्र पुष्कळ आल्या होत्या. त्यांतल्या किती मिलोवाल्या होत्या, कुणी मोजल्या नाहीत.

इटलीच्या रणांगणावर पन्नास हजारांहून अधिक हिंदी सैनिक लढले. माणगावजवळच्या खेड्यातले नाईक यशवंत घाडगे १० जुलै १९४४ रोजी टायबर नदीच्या खोऱ्यात पडले आणि मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉसचे मानकरी ठरले. जुलै २०२३ मध्ये तिकडच्या मोंतोने गावात त्यांचे स्मारक उभे राहिले. बातमी वाचून आनंद झाला आणि चुटपुटही लागली. आम्ही आण्णांना त्या म्हातारीच्या गावाचे नाव कधी विचारलेच नाही. ते तिला 'ममा' म्हणायचे, एवढेच आमच्याजवळ आहे.

गिरणी आता बंद आहे. डबा माझ्याकडे आला आहे. परवा माझ्या नातवाने पदके काढून मांडली आणि कार्ड उचलून विचारले, "हे कुणाचं?" मी म्हटले, "खापरपणजीचं. बस, सांगतो."