लग्न अजून टिकून आहे, साहेब!

‘अगं, लग्न झालंय ना तुमचं? मग तो आता आपलाच की! व्हिसा कशाला हवा?’

माझ्या मावशीचा हा लाडका प्रश्न. आणि खरं सांगू? २०१६ मध्ये पुण्यात रजिस्टर लग्न करेपर्यंत मलाही असंच वाटत होतं. नवरोबा जर्मन, मी सदाशिव पेठेत वाढलेली. स्पेशल मॅरेज अ‍ॅक्टची ३० दिवसांची नोटीस, तीन साक्षीदार, सह्या, पेढे... झालं की! आता राहील इथे आरामात.

छे! लग्नाचा दाखला म्हणजे फाइलमधला पहिला कागद असतो, हे मला नंतर कळलं.

अमेरिकेत मिळतं तसं ग्रीन कार्ड आपल्याकडे जोडीदाराला मिळत नाही. ‘पर्मनंट रेसिडेन्सी’ नावाची योजना सरकारने २०१६ मध्येच मंजूर केली, पण ती गुंतवणूकदारांसाठी. १८ महिन्यांत १० कोटी किंवा ३६ महिन्यांत २५ कोटी रुपये आणायचे. आमच्याकडे तेव्हा एक सेकंडहँड वॅगन-आर होती आणि तिचेही हप्ते चालू होते!

नवरा-बायकोसाठी रस्ता वेगळा. त्याचं नाव ओसीआय, म्हणजे ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया. नावात ‘सिटिझन’ असलं तरी हे नागरिकत्व नव्हे, आयुष्यभराचा व्हिसा म्हणा हवं तर. अट अशी, की नोंदणी झालेलं लग्न अर्जाच्या आधी सलग दोन वर्षं टिकलेलं हवं. शिवाय सुरक्षा यंत्रणांची मंजुरी. आणि जोडीदार, त्याचे आई-वडील किंवा आजी-आजोबा कधीही पाकिस्तान वा बांगलादेशचे नागरिक असतील, तर हा रस्ता बंदच.

मधली दोन वर्षं

ही दोन वर्षं काढायची एन्ट्री व्हिसावर. मुदत संपत आली की वाढवून घ्यायची. तेव्हा आम्ही फाइल घेऊन स्वतः जायचो. २०१८ पासून बरंचसं काम ऑनलाइन झालंय. पासपोर्ट, लग्नाचा दाखला, पत्त्याचा पुरावा आणि सगळ्यात वर माझं पत्र. ‘हे माझे पती आहेत, माझ्यासोबत राहतात, त्यांची जबाबदारी माझी आहे.’ खाली माझी सही.

एकदा चौकशीला पोलीसकाका घरी आले. शेजारच्या काकूंना विचारलं, ‘हे दोघं इथंच राहतात का?’ काकू म्हणाल्या, ‘राहतात म्हणजे काय! भांडतात पण इथंच!’ याहून सबळ पुरावा कुठला असणार?

गंमत सोडा. खरी गोष्ट अशी होती, की एन्ट्री व्हिसावर मनात आलं म्हणून नोकरी धरता येत नाही. जर्मनीत चांगल्या हुद्द्यावर असलेला माझा नवरा कोथरूडच्या वन बीएचकेमध्ये दिवसभर मराठी बाराखडी गिरवत बसायचा. मी हिंजवडीच्या ट्रॅफिकमधून रात्री नऊला घरी. भाडं माझ्या पगारातून, गाडीचा हप्ता माझ्या पगारातून, आणि त्याच्या राहण्याच्या परवानगीवर सहीही माझीच.

ते एक वाक्य

दुसऱ्या वर्षीची गोष्ट. मुदतवाढीचा अर्ज जायचा होता. कुठल्यातरी फालतू कारणावरून भांडण झालं. बहुतेक गीझर चालू राहिला होता. आवाज चढले आणि मी बोलून गेले, ‘विसरू नकोस, तू इथे आहेस तो माझ्या सहीमुळे.’

तो काहीच बोलला नाही. बाल्कनीत जाऊन उभा राहिला.

पत्र डायनिंग टेबलवर पडलेलं होतं. एक दिवस गेला, दोन गेले. मुदत जवळ येत होती. तो रोज त्याच टेबलवर माझ्यासमोर चहा ठेवत होता, पण ‘सही केलीस का?’ असं त्याने एकदाही विचारलं नाही. तिसऱ्या दिवशी माझी ट्यूब पेटली. तो विचारत नव्हता, कारण विचारलं असतं तर ती विनंती झाली असती. आणि बायकोकडे स्वतःच्या घरात राहण्याची विनंती कोण करेल?

मी सही केली. सॉरीही म्हटलं. पण सॉरीने भागलं नाही. मग आम्ही दोन नियम केले. पहिला, त्याची सगळी मूळ कागदपत्रं त्याच्याच कपाटात राहतील. दुसरा, मुदतवाढीचं पत्र महिनाभर आधी सही होऊन तयार राहील, भांडण असो वा नसो. व्हिसा हा विषय भांडणात काढायचा नाही. आईवरून, गीझरवरून हवं तेवढं भांडा!

तुमच्यापैकी कुणी या वाटेवर असेल, तर कागदांची यादी करण्याआधी हे बोलून घ्या, असं मी सांगेन. फॉर्म भरून देणारे पुष्कळ भेटतात. पण दोघांपैकी एकाच्या हातात दुसऱ्याचं राहणं आलं की घरातलं वजन कुठे झुकतं, हे कुठल्याच फॉर्ममध्ये लिहिलेलं नसतं.

कार्ड आलं!

२०१८ मध्ये दोन वर्षं पूर्ण झाली. १५ हजार रुपये फी भरून अर्ज केला आणि काही महिन्यांनी ते निळसर पुस्तक हातात पडलं. नोंदणीचं झंझट संपलं. त्याला नोकरी करता येऊ लागली. मतदान नाही, शेतजमीन विकत घेता येत नाही, पण चालतंय. नागरिकत्वच हवं असेल तर भारतीयाशी लग्न केलेल्याला सात वर्षांच्या वास्तव्यानंतर अर्ज करता येतो, पण मग मूळचा पासपोर्ट सोडावा लागतो. नवरोबांचा तूर्तास तो विचार नाही.

आणि हो, जोडीदार म्हणून मिळालेलं हे कार्ड घटस्फोट झाला तर रद्द होऊ शकतं. म्हणजे सहीची गरज संपली, तरी दोरी अजून लग्नालाच बांधलेली!

२०२१ पासून आणखी एक नियम आलाय. नवा पासपोर्ट निघाला की तीन महिन्यांत तो आणि ताजा फोटो वेबसाइटवर अपलोड करायचा, सोबत ‘आमचं लग्न अजून टिकून आहे’ असं घोषणापत्र. नवरोबांचा पासपोर्ट २०२४ मध्ये बदलला. यावेळी मी बाजूला बसले होते आणि टाइप तो करत होता. मधेच थांबून त्याने अस्सल पुणेरी हेल काढत विचारलं, ‘काय लिहू? टिकून आहे ना?’

मी म्हटलं, ‘लिही. आणि आधी गीझर बंद कर!’